मृत्युपत्र करताना आणि नोंदवताना

माझी मावशी निवृत्त शिक्षिका होती. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून, कर्जाचे हप्ते फेडत घेतला होता. काका जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते, आणि तिचे सगळे दुखणेखुपणे तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी पाहत होती. "माझं जे काय आहे ते तिचंच, त्यात लिहायचं काय?" असे मावशी नेहमी म्हणत असे. अडचण इतकीच होती की कायद्याच्या हिशेबात ते भाचीचे नव्हते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ नुसार स्त्रीने स्वतः कमावलेली मिळकत प्रथम तिची मुले आणि पती यांच्याकडे जाते. ते कोणी नसतील तर पतीच्या वारसांकडे जाते, आणि तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. म्हणजे मावशीचा फ्लॅट तिच्या दिरांच्या मुलांकडे गेला असता, ज्यांच्याशी तिचे भांडण नव्हते, पण दिवाळीच्या फोनपलीकडे संबंधही उरला नव्हता. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली आणि सासरहून घालवून दिलेली स्त्री माहेरी शिकली, नोकरीला लागली, आणि तिच्या पश्चात तिची स्वकष्टार्जित मिळकत सासरच्या नातलगांना मिळाली. सहानुभूतीने कायद्यातला क्रम बदलता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या स्त्रीने दोन साक्षीदारांसमोर एक कागद केला असता तर हा प्रश्नच आला नसता.

पुरुषांच्या बाबतीतही असाच एक कोपरा दुर्लक्षित राहतो. विवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी आणि मुले यांच्याबरोबरीने त्याची आईही पहिल्या वर्गाची वारस असते. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि मागे पत्नी, मुलगा, मुलगी व आई असतील तर प्रत्येकाला पाव हिस्सा मिळतो. पुढे ती आईही मृत्युपत्राविना गेली की तिच्या पाव हिश्श्यात तिची इतर मुलेमुली येतात, आणि राहते घर विकताना सुनेला दिराच्या व नणंदेच्या सह्या गोळा कराव्या लागतात. नाती चांगली असतील तर सह्या मिळतात. एक जण परदेशात आणि एक जण रुसलेला असेल तर व्यवहार वर्षानुवर्षे अडतो.

मावशीचे मृत्युपत्र करताना जे टप्पे आले, त्याच क्रमाने पुढचे लिहिले आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांची आहेत. जिथे नियम वेगळा आहे तिथे तसे सांगितले आहे.

आधी यादी, मग मसुदा

बहुतेक लोक थेट मसुद्यापासून सुरुवात करतात, आणि ती चूक आहे. पहिले काम म्हणजे आपल्याकडे नेमके काय आहे याची यादी. आम्ही मावशीच्या कपाटातली कापडी पिशवी जेवणाच्या टेबलावर रिकामी केली. खरेदीखत, सूची क्रमांक दोनची (नोंदणी कार्यालयातल्या खरेदीच्या नोंदीची) प्रत, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मुदत ठेवींच्या पावत्या, पोस्टातले मासिक प्राप्ती योजनेचे पासबुक, लॉकरची चावी, आणि शाळेच्या पतपेढीतल्या विसरलेल्या ठेवीची पिवळी पडलेली पावती, एवढा ऐवज निघाला. खरेदीखतावर तिचे नाव सासरचे होते, पतपेढीच्या पावतीवर मात्र लग्नाआधीचे. अशा वेळी मृत्युपत्रात आधारकार्डावरचे नाव लिहून पुढे "उर्फ" म्हणून दुसरे नाव आणि माहेरचे आडनाव लिहावे. एका शब्दाने पुढचे प्रतिज्ञापत्र वाचते.

यादी करताना प्रत्येक गोष्टीपुढे एक प्रश्न विचारावा: हे खरोखर माझे एकटीचे आहे का? पती-पत्नीच्या संयुक्त नावाच्या फ्लॅटमध्ये फक्त आपल्या हिश्श्याचेच मृत्युपत्र करता येते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही, हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० मुळे, आपल्या अविभक्त हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते, मात्र संपूर्ण वाड्याचे किंवा संपूर्ण शेताचे नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही त्या मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार आहेत, हे गृहीत धरूनच आपला हिस्सा मोजावा. "माझी सर्व वडिलोपार्जित जमीन मी मुलांना देतो" असे वाक्य अनेक जुन्या मृत्युपत्रांत सापडते आणि तिथेच दावा सुरू होतो.

शेतजमिनीचा सात-बारा आणि आठ-अ काढून समोर ठेवावा. भोगवटादार वर्ग दोनची (म्हणजे शासनाच्या अटींवर धारण केलेली) जमीन, कूळकायद्याखाली मिळालेली जमीन किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर तिच्या हस्तांतरणावर बंधने असतात आणि ती मृत्युपत्रालाही अडवू शकतात, विशेषतः ज्याला द्यायची तो शेतकरी नसेल तेव्हा. त्याचप्रमाणे जमीन चार भावांत गुंठ्यांनी वाटून देण्याआधी तुकडेबंदी कायद्याचा, म्हणजे शेतीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याचा, विचार करावा. असे काही असेल तर मसुद्यापूर्वी महसुली कामे पाहणाऱ्या वकिलाकडे जावे. बाकीच्यांना वकील लागतोच असे नाही, पण मिळकत गुंतागुंतीची असेल तर त्याचा खर्च वाचवू नये.

नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे

"सगळीकडे नॉमिनी लावलाय" हे उत्तर मला जवळजवळ प्रत्येक घरात मिळाले आहे. नॉमिनी हा पैसे किंवा ताबा घेणारा माणूस असतो. तो मालक होतो असे नाही. कंपनीच्या शेअर्सच्या बाबतीत हा वाद बरीच वर्षे चालला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सचा नॉमिनी पूर्ण मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र हेच वरचढ ठरते, असे स्पष्ट केले. सहकारी गृहनिर्माण संस्थांबाबत महाराष्ट्राच्या कायद्यात २०१९ ला आलेल्या तरतुदींनुसार नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतले जाते, खरा वारस किंवा मृत्युपत्राने हक्कदार ठरलेली व्यक्ती सभासद होईपर्यंत. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने पती-पत्नी, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ते लाभार्थी मानले जातात, म्हणून तिथला विचार थोडा वेगळा आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनींपर्यंत नेमता येते. सोय चांगली आहे, पण तिने मृत्युपत्राचे काम होत नाही.

व्यवहारात सर्वांत सोपे म्हणजे नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी एकच ठेवणे. मावशीच्या दोन ठेवींवर अजून काकांचे नाव नॉमिनी म्हणून होते. ती बदलायला एक सकाळ गेली. मृत्युपत्राआधी हे काम उरकून घ्यावे, कारण नंतर कोणाला आठवत नाही.

मसुद्यात काय असावे

मृत्युपत्राला ठरावीक नमुना नाही, भाषेचे बंधन नाही, आणि ते साध्या कागदावर चालते. शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांक कागदाची गरज नाही. मृत्युपत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क लागत नाही. हाताने लिहिलेले चालते, टंकलिखित चालते. मी तरी ज्याची सही आहे त्याच्या भाषेत लिहावे असे सांगेन. निवृत्त शिक्षिकेचे मृत्युपत्र इंग्रजी कायदेशीर भाषेत असेल तर "त्यांना यातले किती कळले?" हा प्रश्न वकील पहिला विचारतो, आणि तो प्रश्न रास्त असतो.

सुरुवात स्वतःच्या ओळखीने करावी. मावशीच्या मृत्युपत्राची पहिली वाक्ये अशी होती: "मी, खाली सही करणार, वय ७४ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार पुणे, हे माझे शेवटचे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय व स्वेच्छेने लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवणीपत्रे या लेखाने रद्द समजावीत." यातले दुसरे वाक्य विसरू नये. मागच्या दहा वर्षांत एखाद्या आजारपणात घाईने केलेला कागद कोणाच्या तरी फाईलमध्ये असू शकतो.

नंतर कुटुंबाची माहिती द्यावी, आणि ज्यांना काही द्यायचे नाही तेही त्यात यावेत. जे कायद्याने वारस ठरले असते त्यांना का वगळले, हे एका शांत वाक्यात सांगावे. मावशीने लिहिले की दिरांची मुले आपापल्या संसारात सुस्थितीत आहेत, त्यांच्याविषयी तिच्या मनात राग नाही, पण आजारपणात तिची सेवा भाचीने केली असल्याने ती राहते घर भाचीला देत आहे. मसुदा तपासणाऱ्या वकिलांनी सबंध कागदातले सर्वांत उपयोगाचे वाक्य म्हणून याच वाक्याकडे बोट दाखवले. राग काढण्याची जागा म्हणून मात्र मृत्युपत्र वापरू नये. "त्याने मला १९९८ मध्ये" अशा सुरुवातीची पाने पुढे न्यायालयात मोठ्याने वाचली जातात.

मिळकतीचे वर्णन असे करावे की अनोळखी माणसालाही ती शोधता यावी. फ्लॅटसाठी सोसायटीचे नाव, सदनिका क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, चटई क्षेत्र आणि शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक लिहावा. शेतीसाठी गाव, तालुका, गट नंबर आणि क्षेत्र. बँकेतल्या ठेवींचे क्रमांक लिहिण्यात एक अडचण आहे, कारण ठेवी मोडतात, नव्या होतात आणि क्रमांक बदलतात. म्हणून "अमुक बँकेच्या अमुक शाखेतील माझ्या नावावरील सर्व ठेवी, त्या वेळी असतील त्याप्रमाणे" असे लिहिणे बरे. दागिन्यांचे वर्णन मात्र नेमके असावे. "माझे सोने" असे लिहिले तर पाटल्या कोणाच्या आणि गोठ कोणाचे, यावर घरे तुटतात. मावशीने मोहनमाळ, पाटल्यांची जोडी आणि कुड्या वेगळ्या लिहिल्या, मोहनमाळ दिराच्या नातीसाठी ठेवली, आणि मसुदा वाचून दाखवताना तिथे थोडा वेळ थांबली.

शेवटी तीन गोष्टी न विसरता घालाव्यात. एक, उर्वरित मिळकतीचे कलम: यात न लिहिलेले किंवा पुढे मिळणारे सर्व काही कोणाला जावे. दोन, लाभार्थी आपल्या आधी गेला तर त्याचा वाटा कोणाकडे जाईल. तीन, व्यवस्थापक, ज्याला सगळे एक्झिक्युटर म्हणतात. हा शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान, हिशेबी आणि कोणाच्याही बाजूचा नसलेला असावा. लाभार्थी स्वतः व्यवस्थापक असू शकतो, त्याला कायद्याची आडकाठी नाही. नेमण्यापूर्वी त्याला विचारावे आणि एक पर्यायी नावही द्यावे.

मसुद्यात कुठे खाडाखोड झाली तर तिथे मृत्युपत्रकर्त्याची आणि साक्षीदारांची सही हवी. पण आता पाने छापायला वेळ लागत नाही, तेव्हा पान पुन्हा छापणे सोपे. प्रत्येक पानावर सही करावी आणि पानांना क्रमांक द्यावेत.

साक्षीदार: सगळा भार यांच्यावर

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ६३ हे या सगळ्या विषयाचे हृदय आहे. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, तो किमान दोन साक्षीदारांनी पाहावा किंवा त्याने स्वतः "ही माझी सही" असे त्यांना सांगितलेले असावे, आणि प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणे कायद्याने बंधनकारक नाही, तरीही मी ते नेहमी एकत्रच बसवेन. मृत्युपत्रातला मजकूर साक्षीदाराने वाचण्याची गरज नाही. तो सहीचा साक्षीदार असतो. हे कळले की अनेक लोक निर्धास्त होतात, कारण कोणाला काय दिले हे शेजाऱ्याला कळू नये असे त्यांना वाटत असते.

पुढे वाद झाला तर या दोघांपैकी किमान एकाला, तो हयात असेल तर, न्यायालयात येऊन सांगावे लागते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ मध्ये ही अट आहे आणि जुन्या पुरावा कायद्यातही ती होती. नोंदणी केलेल्या मृत्युपत्रालाही ती सुटत नाही. म्हणून साक्षीदार आपल्याच वयाचे घेऊ नयेत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशीच्या कट्ट्यावरच्या दोन मैत्रिणी साक्षीदार म्हणून प्रेमळ असल्या, तरी दहा वर्षांनी त्या साक्ष द्यायला असतील याची शाश्वती नव्हती. आम्ही खालच्या मजल्यावरच्या चाळिशीतल्या बँक अधिकाऱ्याला आणि मावशीच्या एका जुन्या विद्यार्थ्याला, जो आता डॉक्टर आहे, बोलावले. दोघांचे कायमचे पत्ते, म्हणजे गावाकडचे, मृत्युपत्रात लिहून घेतले. ही सूचना वकिलांची होती आणि तेव्हा मला ती जरा अतिरेकी वाटली होती.

लाभार्थ्याने किंवा त्याच्या पती-पत्नीने साक्षीदार होऊ नये. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्रात असे झाले तर साक्षीदाराला दिलेले दान १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६७ प्रमाणे निरर्थक होते; हिंदूंना ते कलम लागू नसले तरी संशयाला जागा कशाला द्यावी?

संशय हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हैसूरकडील एका खटल्यात दिलेला निकाल आजही प्रत्येक मृत्युपत्राच्या दाव्यात वाचला जातो, आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते आपले साताऱ्याचे पी. बी. गजेंद्रगडकर. मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच त्याभोवतीच्या संशयास्पद गोष्टींचे निरसन केले पाहिजे, हे त्याचे सूत्र. सही थरथरती, मन दुबळे, वाटणी अस्वाभाविक, आणि ज्याला सगळे मिळणार त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतलेला, या त्या गोष्टी. म्हणूनच मावशीच्या मृत्युपत्राच्या कोणत्याही टप्प्यावर भाची हजर नव्हती. वकिलाला फोन मावशीने केला, फी मावशीने दिली, आणि रिक्षा मी बोलावली. मृत्युपत्र करणारी व्यक्ती फार वयस्कर किंवा आजारी असेल तर त्याच दिवशीचे, नेहमीच्या डॉक्टरांचे, शुद्धीत असल्याचे प्रमाणपत्र जोडावे. व्हिडिओ चित्रण कायद्याने आवश्यक नाही. करायचेच असेल तर पाठ केलेले वाक्य म्हणायला लावू नये, साधे प्रश्न विचारून त्यांच्या शब्दांत बोलू द्यावे.

नोंदणी करावी का?

नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. न नोंदवलेले मृत्युपत्र तितकेच वैध असते, आणि एखाद्याने नोंदणी केलेल्या मृत्युपत्रानंतर साध्या वहीच्या पानावर दोन साक्षीदारांसमोर नवे मृत्युपत्र केले तर ते नंतरचेच खरे. नोटरीकडे केलेला शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हा गैरसमज तर इतका पसरला आहे की काही घरांत मला "रजिस्टर केलंय" म्हणून दाखवलेला कागद नुसता नोटरीचा निघाला.

तरीही नोंदणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे व्यवहारातली आहेत. मूळ कागद हरवला, फाटला किंवा कोणी दडवला तरी सरकारी दफ्तरात त्याची नक्कल राहते. सही करणारी व्यक्ती त्या दिवशी स्वतः कार्यालयात आली होती, तिचा फोटो आणि अंगठा घेतला गेला, हा पुरावा तयार होतो. तलाठी, सोसायटीची कमिटी आणि बँकेचा व्यवस्थापक यांना नोंदणीचा शिक्का दिसला की त्यांचे प्रश्न कमी होतात. कायद्याने तसे होऊ नये, पण होते. आणि गुप्तता जात नाही. मृत्युपत्रे नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक तीन या वेगळ्या नोंदवहीत नोंदली जातात, आणि मृत्युपत्र करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत तिच्याशिवाय किंवा तिच्या प्रतिनिधीशिवाय कोणालाही त्याची नक्कल मिळत नाही. मिळकतीच्या इतर दस्तांप्रमाणे कोणीही शोध घेऊन ते पाहू शकत नाही.

इतर दस्तांना असलेली चार महिन्यांची मुदत मृत्युपत्राला नाही; ते केव्हाही नोंदवता येते, अगदी मृत्यूनंतर व्यवस्थापक किंवा लाभार्थीही ते सादर करू शकतो. परंतु मृत्यूनंतरच्या नोंदणीत मृत्युपत्र करणाऱ्याच्या हजेरीचा जो मुख्य फायदा तोच निघून जातो.

कार्यालयातला दिवस

महाराष्ट्रात हे काम दुय्यम निबंधक कार्यालयात होते, आणि मिळकत ज्या तालुक्यात आहे तिथेच जावे लागते असे बंधन मृत्युपत्राला नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती आधी भरून ठेवता येते आणि वेळही आरक्षित करता येते. नोंदणी शुल्क १०० रुपये आहे. त्याखेरीज पानांप्रमाणे दस्त हाताळणी शुल्क लागते. मूळ मृत्युपत्र, आपले व साक्षीदारांचे आधार आणि पॅन, फोटो, मिळकतीच्या कागदांच्या प्रती, आणि असल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत न्यावे. साक्षीदारच बहुधा ओळख पटवण्याचे काम करतात, म्हणून ते दोघे बरोबर हवेत.

आम्ही सकाळी लवकर गेलो, तरी नंबर दुपारी लागला. दुय्यम निबंधकांनी मावशीला समोर बसवून विचारले, "आजी, हे कशाचे कागद आहेत?" मावशी म्हणाली, "माझ्या मृत्युपत्राचे, आणि मी आजी असले तरी अजून बाई म्हणून हाक मारलेली आवडते." सही कबूल आहे का, कोणी जबरदस्ती केली का, एवढेच त्यांनी विचारले; मजकूर त्यांनी तपासला नाही, कारण तो त्यांचा विषय नसतो. मग अंगठ्याची पाळी आली. यंत्रावर मावशीचा अंगठा काही केल्या उमटेना. आयुष्यभर खडू धरला, भांडी घासली, त्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. शेजारी रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढून दिली. अंगठ्याला तेल लावून पुसले आणि चौथ्या प्रयत्नात ठसा आला. वयस्कर व्यक्तीला नेताना ओला रुमाल आणि थोडे तेल किंवा क्रीम बरोबर ठेवावे, ही सूचना मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडलेली नाही. दस्त हातात घेण्यापूर्वी पडद्यावरची नावे अक्षर न अक्षर वाचून घ्यावीत. मावशीच्या आडनावातला "र" एकदा गळला होता आणि तो तिथेच दुरुस्त झाला.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी विशेष कारण दाखवून, अर्ज आणि शुल्क भरून दुय्यम निबंधकांना घरी बोलावता येते. ही सोय लोकांना फारशी माहीत नसते, आणि रुग्णाला खुर्चीवर उचलून तीन जिने चढवण्याचे प्रकार अजून पाहायला मिळतात.

ज्यांना मृत्युपत्रातला मजकूर नोंदणी कार्यालयालाही दाखवायचा नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून, वर नाव लिहून, जिल्हा निबंधकांकडे जमा करता येते. हयात असेपर्यंत ते परत घेता येते, आणि मृत्यूनंतर अर्ज केल्यावर ते अर्जदारासमोर उघडून त्याची नोंद पुस्तक तीनमध्ये होते. कुटुंबात कोणी वरचेवर कागदपत्रे उचकटत असेल तर ही वाट चांगली.

वेगळे नियम: मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी आणि गोवेकर

मुस्लिम व्यक्ती अंत्यविधी व कर्जे वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांश भागापुरतेच मृत्युपत्र करू शकते, आणि सुन्नी कायद्यानुसार वारसालाच त्यातून काही द्यायचे असेल तर इतर वारसांची संमती लागते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होते. हिंदूंचे होत नाही. म्हणून ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीचे लग्नाआधी केलेले मृत्युपत्र असेल तर ते पुन्हा करावे.

गोव्यात मूळ विचारच वेगळा आहे. तिथे पोर्तुगीज काळातून आलेली व्यवस्था चालत राहिली आणि आता २०१२ चा गोवा उत्तराधिकार कायदा तिला धरून आहे. मुले असतील तर साधारण निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते. बाकी निम्म्याचेच आपण मनाप्रमाणे करू शकतो, आणि मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करण्याची पद्धत आहे. पुण्यात नोकरी करून फोंड्यात वडिलोपार्जित घर ठेवलेल्या माणसाने महाराष्ट्राचा मसुदा तिथे चिकटवू नये. परदेशी राहणाऱ्यांनी भारतातील मिळकतीसाठी आणि परदेशातील मिळकतीसाठी वेगळी मृत्युपत्रे करावीत, आणि एकाने दुसरे रद्द होणार नाही असे दोन्हींत स्पष्ट लिहावे. वर सांगितलेले "सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य इथे नेमके घात करते.

प्रोबेटचा प्रश्न

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. मुंबईतल्या लोकांच्या मनात मृत्युपत्र म्हणजे प्रोबेट, म्हणजे उच्च न्यायालयाच्या फेऱ्या, असे समीकरण आहे. १९२५ च्या अधिनियमातील कलम २१३ मुळे मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मिळकतीच्या मृत्युपत्राखाली हिंदूंना प्रोबेटशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे. पुणे, नाशिक, नागपूर इथे ती सक्ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम काढून टाकले. प्रोबेट घेण्याची सोय मात्र कायम आहे, आणि वारसांत वाद दिसत असेल, किंवा मोठी रक्कम देताना एखादी संस्था अडून बसली असेल, तर तो मार्ग अजूनही घ्यावा लागू शकतो.

नंतर काय

मृत्युपत्र बदलता येते, कितीही वेळा. छोटा बदल असेल तर पुरवणीपत्र करावे, त्यालाही दोन साक्षीदार लागतात. मोठा बदल असेल तर नवे मृत्युपत्रच बरे. मूळ मृत्युपत्र नोंदवलेले असेल तर पुरवणीही नोंदवावी, नाहीतर पुढे दोन्हींपैकी एकावरच लोक विश्वास ठेवतात. घर विकले, लाभार्थी गेला, घटस्फोट झाला, नातवंड झाले, अशा वेळी कागद काढून वाचावा. बँकेच्या लॉकरमध्ये मूळ मृत्युपत्र ठेवू नये, कारण लॉकर उघडण्यासाठीच ते लागण्याची वेळ येते. व्यवस्थापकाला ते कुठे आहे हे माहीत असावे आणि त्याच्याकडे एक झेरॉक्स असावी.

मावशी त्यानंतर सहा वर्षांनी गेली. मृत्यूच्या दाखल्याच्या आम्ही दहा प्रती काढल्या आणि त्या सगळ्या लागल्या. नोंदणी कार्यालयातून मृत्युपत्राची प्रमाणित नक्कल मागवली, भाचीने सोसायटीकडे अर्ज दिला, आणि कमिटीने कायदेशीर मत मागवले म्हणून साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. खालच्या मजल्यावरचे बँक अधिकारी तोवर बदलीने दूर गेले होते आणि त्यांचा जुना फोन बंद होता. मृत्युपत्रात लिहिलेल्या सांगोल्याजवळच्या गावच्या पत्त्यावर मी पत्र पाठवले. आठव्या दिवशी त्यांच्या वडिलांचा फोन आला, आणि त्यांनी मुलाचा नवा नंबर दोनदा सावकाश वाचून दाखवला.